शहरात टिकून राहण्याचा हिशेब

(सोलापुरात खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुली आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



घर सोडून शिकणाऱ्या मुलींचे पैशाचे व्यवहार असा आजचा विषय आहे. तो ऐकून काही जणींना वाटलं असेल की आता काटकसरीवर भाषण होणार. रोज बाहेरचं खाऊ नका, रिक्षाने फिरू नका, मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाऊ नका. तसलं काही मी सांगणार नाही. आपल्याकडच्या मुलींना काटकसर वेगळी शिकवावी लागत नाही. भावाच्या ताटात दूध आणि हिच्या ताटात ताक पडतं तिथूनच तो धडा सुरू झालेला असतो. जिला स्वतःची गरज बोलून दाखवायचीही लाज वाटते तिला आणखी कमी खर्च कर म्हणून काय सांगायचं?

मला बोलायचं आहे ते टिकून राहण्याबद्दल. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, शेजारच्या जिल्ह्यातलं तुळजापूर, इतकंच काय कर्नाटकातल्या इंडीकडूनही मुली सोलापुरात शिकायला येतात. २००४ साली फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी विद्यापीठाचं काम निघालं की कोल्हापूर गाठावं लागे. आज दयानंद, संगमेश्वर, वालचंद, वैद्यकीय महाविद्यालय कुठेही जा, खेड्यातल्या मुली दिसतात. मुलगी शहरात येते याचं नवल आता राहिलेलं नाही. ती तीन किंवा चार वर्षं पुरी करून पदवी घेऊन जाते का, हा खरा प्रश्न आहे.

मधेच कॉलेज सुटलेल्या मुलींशी मी बोलते तेव्हा नापास झाले म्हणून सोडलं, असं फार थोड्या सांगतात. बाकीच्यांची हकिगत साधारण सारखी असते. उसाचं बिल अडकलं, खोलीचं भाडं थकलं, फीचा हप्ता राहिला. मग वडील म्हणाले, एवढं वर्ष घरी राहा, पुढच्या वर्षी बघू. त्या वर्षात स्थळ आलं. म्हणजे आधी पैसा थांबतो आणि मग लग्न ठरतं. वडील दुष्ट असतात असं नाही. पण हात आखडला की घरात पहिली काटछाट मुलीच्या शिक्षणावर होते आणि त्याला कुणी काटछाट म्हणत नाही, मुलीची काळजी म्हणतात. म्हणून पैशाचा व्यवहार शिकायचा तो एवढ्यासाठी की एका हप्त्यापायी किंवा एका माणसाच्या एका शब्दावर आपल्याला पेटी उचलावी लागू नये.

पहिली गोष्ट, वर्षाचा हिशेब मांडा. महिन्याच्या हिशेबाने आपलं भागत नाही, कारण आपल्या घरांत महिन्याचा पगार येत नाही. विडी वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या घरात थोडा थोडा पैसा आठवड्याला येतो आणि आठवड्यात संपतो. उसाच्या घरात हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे, पण बिलं हप्त्याहप्त्याने आणि उशिरा निघतात हे इथं बसलेल्या अर्ध्याअधिक जणींना माहीत आहे. मंगळवेढ्याकडची ज्वारी पदरात पडते ती शिमग्याच्या आसपास. आणि कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, पुस्तकं, मेसचा पहिला महिना हे सगळं येतं जून ते ऑगस्टमध्ये, नेमकं पेरणीच्या वेळी. शिष्यवृत्ती त्याच वर्षात मिळेल याचीही खात्री नसते. घरात पैसा येतच नाही असं नाही, तो वेळेवर येत नाही. मधल्या चार महिन्यांची ही जी फट आहे तिच्यातूनच सावकार आत येतो आणि तिच्यातूनच स्थळही.

म्हणून एक कागद घ्या. बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. वर खर्च लिहा, खाली पैसा कधी आणि कुणाकडून येणार ते लिहा. जिथं खर्च आहे आणि आवक नाही ते चौकोन रंगवा. हा कागद सुट्टीत घरी न्या आणि आईवडिलांसमोर ठेवा. जुलैत किती कमी पडणार हे मार्चमध्ये बोललं तर वाट काढता येते. जुलैत बोललं तर उधारीशिवाय उपाय राहत नाही. आणि ज्या घरात पैशाच्या गोष्टी पुरुषांनीच बोलायच्या असतात तिथं मुलीने असा कागद मांडणं हेही एक पाऊलच आहे.

याच कागदावर आणखी एक ओळ लिहा असा माझा आग्रह आहे. घरून येणारं पीठ, शेंगाची चटणी, पंधरा दिवस टिकणारी कडक भाकरी यांची किंमत काढा. बाजारात काय पडलं असतं ते लिहा आणि पुढे आईचं नाव घाला. माझ्या शिक्षणाचा खर्च बाबा करतात असं आपण सहज म्हणतो. आईच्या हातची शिदोरी कुणाच्या वहीत चढत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. शिक्षणाचा इतिहास लिहिताना बायकांचं हे देणं त्याग म्हणून गौरवलं जातं, पण हिशेबात धरलं जात नाही. आपण ते धरू.

दुसरी गोष्ट बँकेच्या खात्याची. तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांची खाती आहेत. पण खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे? एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे? २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले तेव्हा वस्तीवस्तीत आम्ही हाच प्रश्न विचारत होतो. खातं बाईचं, नंबर दिराचा, कार्ड नवऱ्याकडे, अशी उत्तरं येत होती. मुलींचंही तेच असतं. शिष्यवृत्ती जमा झाल्याचा निरोप भावाच्या फोनवर जातो आणि तिला तो दोन महिन्यांनी कळतो.

तेव्हा अठरा वर्षं पुरी झाली की आधी बँकेत जा. अज्ञान म्हणून उघडलेलं खातं वाढदिवसाला आपोआप तुमच्या ताब्यात येत नाही. नवी सही, नवे कागद द्यावे लागतात. नंबर स्वतःचा घाला. किमान शिल्लक ठेवणं परवडत नसेल तर 'मूलभूत बचत खातं' मागा. त्यात शिल्लक ठेवायची सक्ती नसते, एटीएम कार्ड फुकट मिळतं आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे काढायला आकार पडत नाही. बँकेतली माणसं ते आपण होऊन सांगत नाहीत, नाव घेऊन मागावं लागतं. शिष्यवृत्तीचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो आणि अशा रकमांसाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते. दोन-तीन खाती असतील तर कोणतं जोडलेलं आहे ते विचारून घ्या. पैसे आले नाहीत म्हणून रडणाऱ्या मुलींचे पैसे कधी कधी जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

साठवलेला पैसा कुठे ठेवायचा हेही सोलापुरात नीट समजून घ्यायला हवं. इथल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. बँकेतल्या ठेवींना विमा असतो आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. गल्लीतली पतसंस्था दोन टक्के जास्त देते, ओळखीचे आहेत, असं म्हणून पैसे ठेवताना हा फरक लक्षात ठेवा. भिशीचंही तसंच. भिशीने बायकांना शिस्त लावली, अडीला पैसा दिला, हे मी नाकारत नाही. पण भिशी चालवणारी व्यक्ती निघून गेली तर हातात कागद काय असतो? फीचा पैसा भिशीत घालू नका.

आता खोली. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींचा व्यवहार बहुतेक तोंडी असतो. डिपॉझिट रोख दिलं, पावती नाही. सोडताना घरमालकीण म्हणते रंग खराब झाला, पलंग मोडला, आणि डिपॉझिट बुडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरावं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने, असं हे कलम सांगतं. प्रत्यक्षात एका कॉटसाठी कोण करार करणार, असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे. मग निदान इतकं करा: डिपॉझिट आणि भाडं बँकेतून किंवा फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते. राहायला जाताना भिंती, नळ, पलंग यांचे फोटो काढून मालकिणीला पाठवा. लाईटचं बिल कसं वाटायचं, पाहुणी आली तर काय, मधेच सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, हे चार ओळींत लिहून दोघींच्या सह्या घ्या. मेसला पैसे देण्याआधी खाड्याचं विचारा. सणाला आठ दिवस घरी गेलात तर ते दिवस वजा होतात की नाही हे आधी ठरलं तर भांडण होत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलींनी एक नियम माहीत करून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने लैंगिक छळाविरुद्ध २०१५ चे विनियम केले. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. याचा पैशाशी संबंध काय? संध्याकाळी साडेसहाला दार बंद झालं की ग्रंथालय बंद, शिकवणी बंद, चार पैसे मिळवायचं कामही बंद. मुलाला ते तास मिळतात, मुलीला मिळत नाहीत. आणखी एक, प्रवेश घेताना मूळ प्रमाणपत्रं कॉलेजकडे ठेवून देऊ नका. ती तपासून परत द्यावीत अशी आयोगाची २०१८ ची सूचना आहे. कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की पायही तिथंच अडकतात.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात सांगते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. पण फी माफ झाली तरी भाडं आणि जेवण राहतंच. त्यासाठी शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलींना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींसाठी स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आई विडी कामगार असेल आणि तिचं कार्ड असेल तर केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची शिष्यवृत्तीही आहे. विडी कामगारांच्या या शहरात कित्येक मुलींनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. अर्ज करताना भरलेल्या अर्जाची प्रत आणि क्रमांक जपा आणि काय त्रुटी निघाली ते पंधरा दिवसांनी पाहत राहा. अर्ज नाकारला जातो तो पुष्कळदा एका जुन्या उत्पन्नाच्या दाखल्यापायी. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहेच, पण रोज येजा करणारीने विद्यार्थी पास काढावा, तो आणखी स्वस्त पडतो.

कर्जाची भाषा मात्र प्रत्येकीने शिकलीच पाहिजे. शेकडा पाच असं कुणी म्हणालं तर ते महिन्याचं असतं. दहा हजारांवर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि दहा हजार जसेच्या तसे उभे. आईच्या बचत गटाचे शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के होतात, पण ते व्याज गटातच राहतं, बायकांमध्येच वाटलं जातं, हा मोठा फरक आहे. दुकानदार हप्त्यावर फोन देताना सरळ बारा टक्के सांगतो. बारा हजारांवर १,४४० व्याज, महिन्याला १,१२० चा हप्ता. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज पूर्ण रकमेवरच लावलेलं असतं. खरा दर काढला तर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो.

आणि फोनवर मिळणारं झटपट कर्ज. समजा तीन हजारांचं कर्ज मंजूर झालं, खर्च कापून हातात २,१०० आले आणि सात दिवसांत तीन हजार परत करायचे आहेत. एका आठवड्यात ९०० रुपये, म्हणजे शेकडा त्रेचाळीस. फेडता आलं नाही की फोनमधले सगळे नंबर काढून नातेवाइकांना शिव्या, मुलीचे खोटे फोटो. मुलीची अब्रू हेच इथं तारण असतं. म्हणून हे कर्ज मुलाला जितकं महाग पडतं त्याहून मुलीला जास्त पडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपला तुमच्या नंबरांच्या यादीत हात घालता येत नाही आणि सगळा खर्च धरून वार्षिक दर आधी लेखी सांगावा लागतो. कुणी अशा जाळ्यात सापडलीच तर भीतीने गप्प बसू नका. १९३० वर तक्रार करा आणि आमच्यापैकी कुणालाही सांगा. आम्ही आधी 'घेतलंसच कशाला' असं विचारणार नाही.

याच्याच शेजारचा एक धोका. तुझं खातं महिनाभर वापरू दे, दोन हजार देतो, असं कुणी ओळखीचा मुलगा म्हणतो. फसवणुकीचा पैसा फिरवायला अशी खाती लागतात. पोलीस येतात ते खातेदाराकडे, आणि खातं गोठलं की त्यातली शिष्यवृत्तीही गोठते. आणि फोनवर पैसे येण्यासाठी पिन घालावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत.

शैक्षणिक कर्ज मात्र घाबरण्यासारखं नाही. सरकारी बँकांत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. फेड अभ्यासक्रम संपून साधारण वर्षाने सुरू होते, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, म्हणून जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरत जावं. घरचे म्हणतात, हिचं कर्ज कोण फेडणार, सासरचे? मुलाचं कर्ज घराला पुढे नेणारं वाटतं आणि मुलीचं कर्ज लग्नातली अडचण वाटतं. उत्तर एकच द्या, मी फेडणार. आणि ते खरं करण्यासाठी नोकरी लागल्यावर पगाराचं खातं स्वतःच्या हातात ठेवा. मिळवत्या मुलीच्या पैशावर घर चालतं आणि तिचं स्वतःचं आयुष्य मागे राहतं, हा प्रश्न विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये १९३३ साली येऊन गेला आहे.

हिश्शाचंही आत्ताच बोलून ठेवते. तुझ्या शिक्षणावर खर्च केला, तोच तुझा वाटा, असं उद्या ऐकावं लागेल आणि समोर हक्कसोडपत्र येईल. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. भावाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी कापत नाही. वाचल्याशिवाय, वकिलाला किंवा संघटनेला दाखवल्याशिवाय सही करू नका. माया आहे म्हणून सोडायचं असेल तर सोडा, पण काय सोडतो आहोत ते माहीत असू द्या.

शेवटी संघटनांच्या मैत्रिणींसाठी. मारहाण झाल्यावर, मुलगी घराबाहेर काढल्यावर आपण धावतो आणि धावलंच पाहिजे. पण कॉलेज सुटतं ते आवाज न होता. तिथं मोर्चा निघत नाही. म्हणून माझा प्रस्ताव आहे की प्रत्येक गटाने एक फिरता निधी करावा, फक्त जून ते ऑक्टोबरच्या फटीसाठी. दहा जणींनी महिन्याला दोनशे रुपये काढले तर वर्षाला चोवीस हजार होतात. त्यातून तीन मुलींचे आठ-आठ हजारांचे पहिले हप्ते भागतात, आणि शिष्यवृत्ती किंवा उसाचं बिल आलं की ते बिनव्याजी परत येतात. पुढच्या जूनला पुन्हा तीन मुली. दर मुलीमागे लेखी नोंद ठेवा, आपल्याच मुलींना हिशेबनीस करा. वर्षातून एकदा बँकेच्या, खोलीच्या आणि अर्जांच्या कागदांसाठी मदत केंद्र लावा, तेही मे महिन्यात, प्रवेशाच्या आधी. आणि अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं तर १०९८ ला फोन करायला कचरू नका.

मुलींनो, बारा चौकोनांचे कोरे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. जाताना एकेक घेऊन जा. ज्यांना आपले रंगवलेले चौकोन कुणाला दाखवावेसे वाटतील त्यांच्यासाठी आम्ही सातला बैठक संपल्यावरही थांबणार आहोत. एवढं बोलून मी थांबते.